वडिलांचा प्रोस्टेट कर्करोग आणि लेकीची तपासणी

प्रोस्टेटचा कर्करोग म्हणजे म्हातारपणीचा, फक्त पुरुषांचा आणि सावकाश वाढणारा आजार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ती खरीही ठरते. काही रुग्णांना मात्र हा आजार तुलनेने लवकर गाठतो, झपाट्याने हाडांपर्यंत पसरतो आणि त्याचे मूळ आई किंवा वडिलांकडून आलेल्या एखाद्या सदोष जनुकात असते. तोच दोष रुग्णाच्या बहिणीत स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कर्करोगाला कारणीभूत होऊ शकतो आणि मुलीकडेही गेलेला असू शकतो. म्हणजे आजार एका पुरुषाचा असला तरी त्याची माहिती अख्ख्या घराच्या कामाची असते. आपल्याकडे ती बहुधा घरापर्यंत पोहोचत नाही, कारण ती मिळवण्याचा प्रयत्नच होत नाही. म्हणून या लेखातले म्हणणे एवढेच आहे, की प्रोस्टेटचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेल्या प्रत्येक रुग्णाची आनुवंशिक तपासणी हा उपचाराचा नेहमीचा भाग झाला पाहिजे आणि तिचा निष्कर्ष त्याच्या रक्ताच्या नात्यातल्या स्त्रीपुरुषांपर्यंत गेला पाहिजे. सरसकट सगळ्या पुरुषांच्या चाचण्या करत सुटण्यापेक्षा हा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे.

या आजारात आनुवंशिकतेचा वाटा किती, याचे भक्कम उत्तर जुळ्यांच्या अभ्यासातून मिळाले. डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडन या देशांतल्या दोन लाखांहून अधिक जुळ्या व्यक्तींच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. माणसामाणसांमध्ये प्रोस्टेट कर्करोगाच्या धोक्यात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ५७ टक्के फरक आनुवंशिक असल्याचे त्यात आढळले. स्तनाच्या कर्करोगासाठी हाच आकडा ३१ टक्के होता. याचा अर्थ निम्म्याहून अधिक रुग्णांना आजार थेट वारशाने मिळतो, असा मात्र नाही. वारसा दोन प्रकारांनी येतो. पहिल्या प्रकारात शेकडो बारीकसारीक जनुकीय बदल असतात. त्यांतला प्रत्येक धोका किंचित वाढवतो आणि सगळ्यांची बेरीज काही पुरुषांमध्ये मोठी होते. दुसऱ्या प्रकारात एकाच महत्त्वाच्या जनुकातला गंभीर दोष असतो. तो थोड्याच घरांत आढळतो, पण जिथे असतो तिथे त्याचा परिणाम मोठा असतो. इथे चर्चा मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराची आहे, कारण आज हाती असलेल्या ज्ञानावर ठोस कृती करता येते ती तिथेच.

या जनुकांत सर्वांत महत्त्वाचे बीआरसीए-२. तेराव्या गुणसूत्रावरचे हे जनुक १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी नेमके ओळखले. त्याचा शोध स्तनाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या कुटुंबांत लागला. पुढे २०१३ मध्ये अँजेलिना जोली या अभिनेत्रीने बीआरसीए-१ या सहोदर जनुकातल्या दोषामुळे आपण स्तन काढून घेतल्याचे जाहीर केले आणि या जनुकांची नावे जगभर पोहोचली. त्यामुळे हा विषय स्त्रियांचाच, असे लोकांच्या मनात बसले. प्रत्यक्षात या जनुकांचे काम स्त्रीपुरुष दोघांच्याही पेशींत सारखेच चालते. डीएनएच्या दोन्ही धाग्यांना एकाच ठिकाणी इजा झाली, तर ती बिनचूक दुरुस्त करण्यात बीआरसीए जनुकांनी घडवलेल्या प्रथिनांचा मोठा हात असतो. एटीएम, चेक-२, पाल्ब-२ ही जनुकेही याच दुरुस्तीच्या यंत्रणेत मोडतात. यंत्रणा लंगडी पडली की पेशीत चुका साचत जातात आणि त्यांतून कर्करोगाला वाट मिळते. जन्मतः आलेला दोष शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतो; म्हणूनच तो साध्या रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यातूनही सापडतो.

धोका नेमका किती, हे सांगताना दोन्ही टोके टाळायला हवीत. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या बीआरसीए दोष असलेल्या पुरुषांचा पाठपुरावा करून २०२० मध्ये जे अंदाज प्रसिद्ध झाले, त्यांनुसार बीआरसीए-२ मध्ये दोष असलेल्या पुरुषाला वयाच्या ७५ वर्षांपर्यंत प्रोस्टेट कर्करोग होण्याची शक्यता सुमारे २७ टक्के आणि ८५ वर्षांपर्यंत सुमारे ६० टक्के असते. बीआरसीए-१ च्या बाबतीत ती याहून कमी आहे. पंचाहत्तरीपर्यंत चारांतल्या जवळजवळ तिघांना हा आजार होत नाही, हेही याच आकड्यात आहे. चिंता केवळ शक्यतेची नसून स्वरूपाची आहे. या दोषासह येणारा कर्करोग अधिक आक्रमक असतो, निदानाच्या वेळीच लसिकाग्रंथींत किंवा दूर पसरलेला असण्याचे प्रमाण जास्त असते आणि रुग्ण कमी काळ जगतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. २०१६ मधल्या एका गाजलेल्या अभ्यासात आजार पसरलेल्या ६९२ रुग्णांपैकी ११.८ टक्क्यांमध्ये डीएनए दुरुस्तीच्या जनुकांत जन्मजात दोष आढळला. ज्यांचा आजार ग्रंथीपुरता होता, त्यांच्यात हे प्रमाण ४.६ टक्के होते. या अभ्यासातली आणखी एक गोष्ट आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कर्करोग होता की नाही, यावरून दोष कोणात असेल हे ओळखता येत नव्हते. मात्र दोष सापडलेल्यांपैकी ७१ टक्के रुग्णांच्या जवळच्या नात्यात इतर कोणता तरी कर्करोग होऊन गेला होता. दोष नसलेल्यांत हे प्रमाण ५० टक्के होते.

तपासणीचा पहिला लाभ खुद्द रुग्णालाच आहे. दुरुस्तीची मुख्य यंत्रणा आधीच निकामी झालेली कर्कपेशी दुसऱ्या एका पर्यायी यंत्रणेवर तग धरून असते. गावाबाहेर जाणारा एक रस्ता खचला असताना उरलेलाही बंद करावा, तसे पार्प नावाच्या प्रथिनाला अडवणारी औषधे करतात. कर्कपेशी कोंडीत सापडून मरते आणि निरोगी पेशी बहुतांशी तगतात. हे तत्त्व २००५ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झाले. त्यावर आधारित ओलापरिब या औषधाची चाचणी प्रोस्टेटचा कर्करोग बळावलेल्या, संप्रेरकरोधक उपचारांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर झाली आणि २०२० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. बीआरसीए-१, बीआरसीए-२ किंवा एटीएममध्ये दोष असलेल्या रुग्णांत आजार आवरून धरण्याचा काळ ३.६ महिन्यांवरून ७.४ महिन्यांवर गेला आणि सरासरी आयुष्य १४.७ महिन्यांवरून १९.१ महिन्यांवर. हे आकडे चमत्काराचे नाहीत. पण इतक्या पुढे गेलेल्या आजारात ते नगण्यही नाहीत. दोष आहे की नाही हे पाहिलेच नाही, तर औषध योग्य रुग्णापर्यंत पोहोचणार कसे? आजार सुरुवातीच्या अवस्थेत असतानाही ही माहिती उपयोगी पडते. कमी धोक्याच्या गाठीवर नुसती नजर ठेवण्याचा मार्ग हल्ली योग्यच मानला जातो, मात्र बीआरसीए-२ चा दोष असलेल्या पुरुषात अशी गाठ पुढे उग्र होण्याची शक्यता जास्त असल्याने तो निर्णय अधिक सावधपणे घ्यावा लागतो.

दुसरा आणि माझ्या मते मोठा लाभ घराला आहे. असा दोष प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, मग तो आईकडून येवो की वडिलांकडून, आणि अपत्य मुलगा असो की मुलगी. आपल्याकडे स्तनाच्या कर्करोगाची चौकशी करताना आई आणि मावशीबद्दल विचारले जाते. वडिलांची बाजू पुष्कळदा निसटते. आत्याला काय झाले होते, आजोबांच्या हाडांत काय पसरले होते, हे मुलीच्या दृष्टीने तितकेच महत्त्वाचे आहे. उलट प्रोस्टेटच्या रुग्णाला वडील आणि भावांबद्दल विचारले जाते; त्याच्या आईचा किंवा बहिणीचा विषय निघत नाही. त्यात कुटुंबे लहान झाली आहेत आणि मागच्या पिढीतल्या बायकांच्या आजारांची नीट नोंदच नाही. ‘पोटात पाणी झालं आणि गेली’ एवढेच अनेक घरांना ठाऊक असते. त्यामागे यकृताचा आजार होता की अंडाशयाचा कर्करोग, हे आता कळण्याचा मार्ग उरलेला नाही. म्हणून केवळ घरच्यांच्या आठवणींवर विसंबून तपासणी करायची की नाही हे ठरवणे अपुरे आहे. एका रुग्णात दोष सापडला, तर त्याच्या बहिणींना, मुलामुलींना, पुतण्या-पुतणींना तेवढ्या एका जागेची तपासणी करून उत्तर मिळते. ज्यांच्यात तो नाही त्यांच्यावरचे ओझे उतरते. ज्यांच्यात आहे त्यांना वेळ मिळतो. बीआरसीए-२ चा दोष असलेल्या स्त्रीला ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्के आणि अंडाशयाचा सुमारे १७ टक्के असते. स्तनासाठी एमआरआयने नियमित पाहणी करता येते. अंडाशयाचा कर्करोग वेळेत पकडून जीव वाचवील अशी पाहणी मात्र अजून नाही. तिथे आधीच धोका ठाऊक असणे आणि मुलेबाळे झाल्यावर अंडाशय काढण्याचा विचार करणे, हाच खात्रीचा उपाय आहे.

यावर पहिला आक्षेप अनुभवी डॉक्टरांकडूनच येईल: प्रोस्टेटच्या बाबतीत जास्त शोधाशोधीने नुकसानच झाले आहे. आक्षेप खरा आहे. पीएसए या प्रथिनाची रक्तचाचणी वयानुसार होणाऱ्या साध्या सुजेने किंवा जंतुसंसर्गानेही वाढलेली दिसते. तिच्या मागे लागून असंख्य पुरुषांच्या बायॉप्सी झाल्या, कधीच त्रास न देणाऱ्या गाठींवर शस्त्रक्रिया झाल्या आणि लघवीवरचे नियंत्रण व लैंगिक क्षमता गमावण्याची पाळी आली. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य तज्ज्ञगटाने २०१२ मध्ये ही चाचणी सरसकट करू नका, असे सांगितले. २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयोगटासाठी निर्णय डॉक्टर आणि व्यक्ती यांच्यावर सोपवला. ब्रिटनमधल्या एका चाचणीत ग्रंथीपुरता आजार असलेल्यांची १५ वर्षे पाहणी केली, तेव्हा शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा नुसती देखरेख यांपैकी काहीही केले तरी या कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण सुमारे तीन टक्केच होते. पण हा सगळा पुरावा सर्वसामान्य पुरुषांचा आहे आणि तो माझ्या मुद्द्याच्या बाजूचाच आहे. सर्वांना एकच चाचणी लावल्याने नुकसान होत असेल, तर धोका कोणाला जास्त आहे हे आधी ठरवणे हाच त्यावरचा उतारा. बीआरसीए दोष असलेल्या पुरुषांची दरवर्षी पीएसए चाचणी करणाऱ्या ‘इम्पॅक्ट’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात बीआरसीए-२ चा दोष असलेल्यांना कर्करोग अधिक प्रमाणात, कमी वयात आणि उपचारांची खरोखर गरज असलेल्या स्वरूपात आढळला. म्हणूनच या गटासाठी चाळिशीपासून पीएसए सुरू करावी, असे अमेरिकी आणि युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडे याच्या उलट चालले आहे. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये सत्तरी ओलांडलेल्यांचीही पीएसए न विचारता होते आणि ज्या चाळिशीतल्या मुलाच्या वडिलांचा आजार हाडांत पसरला आहे, त्याला कोणी काही सांगत नाही.

दुसरा आक्षेप पुराव्याच्या मुळाशी जातो. हे सगळे आकडे युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत, ते आपल्याला लागू पडतात का? काही बाबतींत नाही पडत, हे मान्यच करायला हवे. २०१२ मध्ये सापडलेला हॉक्सबी-१३ या जनुकातला बहुचर्चित दोष मुख्यतः उत्तर युरोपीय घराण्यांतला आहे. बारीक बदलांची बेरीज करून काढलेला धोक्याचा गुणांकही मुख्यतः युरोपीय वंशाच्या माहितीवर बेतलेला आहे. ब्रिटनमध्ये लाळेच्या नमुन्यावरून असा गुणांक काढून वरच्या दहा टक्के पुरुषांची तपासणी केली, तेव्हा बायॉप्सी झालेल्यांपैकी ४० टक्क्यांमध्ये कर्करोग सापडला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष लक्षणीय आहे. पण तोच गुणांक उचलून पुण्या-नागपुरात विकणे ही फसवणूक ठरेल. बीआरसीए-२ ची गोष्ट वेगळी आहे. जनुकाचे काम मोडून टाकणारा दोष युरोपात असो वा कोकणात, पेशीत तोच बिघाड करतो. फरक पडतो तो दोष किती जणांत आहे आणि आजार अखेर किती जणांना होतो, यात. आणखी एक अडचण खरी आहे: आपल्या लोकांच्या जनुकांची तुलनेसाठी पुरेशी माहिती नसल्याने ‘बदल आहे, पण त्याचा अर्थ लागत नाही’ असे अहवाल अधिक येतात. अशा अहवालावरून ना शस्त्रक्रिया करावी, ना नातेवाइकांना घाबरवावे. यावर उपाय अधिक भारतीय नमुने अभ्यासण्याचाच आहे. दहा हजार भारतीयांच्या संपूर्ण जनुकसंचाची माहिती ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातून २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली, ही त्या दिशेची सुरुवात आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि प्राधान्याचा. तंबाखूमुळे होणारे तोंडाचे कर्करोग समोर असताना ही चैन परवडेल का? तंबाखूबंदी, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी यांना बाजूला सारून हे करा, असे कोणीही म्हणणार नाही. पण प्रोस्टेटचा कर्करोग आता आपल्याकडे किरकोळ राहिलेला नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे ३८ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे १८ हजार जण दगावले. पुणे, दिल्ली, कोलकाता अशा शहरांच्या कर्करोग नोंदींत पुरुषांच्या कर्करोगांमध्ये तो दुसऱ्या क्रमांकावर दिसून आला आहे. आयुर्मान वाढत जाईल तशी ही संख्याही वाढेल. युरोप-अमेरिकेच्या तुलनेत आपले रुग्ण आजार पसरल्यावरच मोठ्या प्रमाणात डॉक्टरांकडे येतात, म्हणजे आनुवंशिक दोष सापडण्याची शक्यता ज्यांच्यात जास्त, तेच रुग्ण आपल्या रुग्णालयांत अधिक आहेत. इथे मागणी सर्व पुरुषांच्या तपासणीची नाही. आधीच निदान झालेल्या, आधीच रुग्णालयात येणाऱ्या मर्यादित संख्येच्या रुग्णांची ती आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक जनुकांवर पेटंट घेता येणार नाही, असा निकाल दिला. त्यानंतर स्पर्धा वाढली, तंत्र स्वस्त झाले आणि या तपासण्यांचे दर पूर्वीच्या तुलनेत खूप उतरले. पार्परोधक औषधे महाग आहेत हे खरे. मात्र औषध परवडत नाही म्हणून तपासणीही नको, हा तर्क चुकीचा आहे. कारण लेकीला आणि बहिणीला मिळणारी सूचना त्या औषधावर अवलंबून नाही.

चौथा आक्षेप बहुधा उघडपणे बोलला जात नाही, पण तोच सर्वांत प्रबळ आहे: भीती. ‘कशाला उकरून काढायचं? जे नशिबात असेल ते होईल’ ही भावना, मुलीच्या लग्नाची काळजी, विमा कंपनी काय म्हणेल याची धास्ती. ही काळजी काल्पनिक नाही. अमेरिकेत जनुकीय माहितीवरून नोकरी आणि आरोग्यविम्यात भेदभाव करण्यास २००८ च्या कायद्याने मनाई आहे, तरी आयुर्विमा त्या कायद्याच्या बाहेरच आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदाच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आनुवंशिक आजारांच्या सबबीवर आरोग्यविमा नाकारणे भेदभाव ठरवले आणि विमा नियामकानेही कंपन्यांना त्या सबबीवर दावे फेटाळू नका, असे बजावले. पण न्यायालयीन निकाल आणि परिपत्रके हा कायद्याला पर्याय नव्हे. म्हणून तपासणी ऐच्छिक हवी, तिच्याआधी आणि नंतर जाणत्या व्यक्तीकडून समुपदेशन हवे आणि अहवाल रुग्णाच्या संमतीशिवाय कोणाच्याही हाती जाता कामा नये. राहिला नशिबाचा मुद्दा. दोष आपण निवडलेला नसतो, एवढ्यापुरते ते नशीबच आहे. पण तो ठाऊक झाल्यावर पाहणी कधी सुरू करायची, कोणता अवयव काढायचा की नाही, कोणते औषध घ्यायचे, हे सगळे आपल्या हाती येते. न कळण्याने लग्न सुखरूप होईल. आजार टळणार नाही.

हे सगळे करायला नवे रुग्णालय उभारावे लागत नाही. मुंबईत टाटा स्मारक केंद्राने कर्करोगाच्या आनुवंशिकतेवरचे काम अनेक वर्षांपासून चालवले आहे आणि देशभरातली कर्करोग रुग्णालये राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात जोडलेली आहेत. गरज आहे ती हे काम जिल्ह्यापर्यंत नेण्याची. आजार पसरलेल्या प्रत्येक प्रोस्टेट रुग्णाला निदानाच्या वेळीच तपासणीचा पर्याय सांगणे हे मूत्ररोगतज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ यांचे ठरलेले कर्तव्य व्हावे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत या तपासणीला आणि दोष सापडल्यास नातेवाइकांच्या तपासणीला स्पष्ट स्थान असावे. मराठीत बोलू शकणारे प्रशिक्षित आनुवंशिकता समुपदेशक वैद्यकीय महाविद्यालयांतून नेमले जावेत. आज त्यांची संख्या अगदीच तोकडी आहे. दोष सापडलेल्या रुग्णाला घरी नेण्यासाठी साध्या मराठीत लिहिलेले एक पत्र द्यावे. ते बहिणीला, पुतणीला, मामेभावाला दाखवता येईल आणि त्यावर कुठे जायचे तेही लिहिलेले असेल. आणि जनुकीय माहितीवरून विमा वा नोकरी नाकारण्यास मनाई करणारा केंद्रीय कायदा लवकरात लवकर व्हावा.

शासन हे करील तेव्हा करील. तोपर्यंत ज्यांच्या घरी प्रोस्टेटच्या कर्करोगाचा रुग्ण आहे, त्यांनी त्याच्या डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत: आजार ग्रंथीबाहेर पसरला आहे का, आणि पसरला असेल तर बीआरसीएची तपासणी झाली आहे का? आणि आपल्या स्वतःच्या डॉक्टरांना घरातला कर्करोगाचा इतिहास सांगताना आई आणि वडील दोघांच्याही बाजूचा, स्त्रियांचा आणि पुरुषांचा, पूर्ण सांगावा. एका पुरुषाच्या आजाराने दिलेली सूचना त्याच्या लेकीपर्यंत वेळेवर पोहोचणे, हाही त्याच्या उपचाराचाच भाग मानला पाहिजे.